पान अपडेट केलं, तरी साइटवर जुनंच दिसतंय? जुनी प्रत कुठे अडकली ते असं शोधा

लक्षण ओळखीचं आहे. वर्डप्रेसमध्ये पान उघडलं, मजकूर बदलला, अपडेटचं बटण दाबलं, पान अपडेट झाल्याचा निरोपही आला. साइट उघडून पाहिली तर जुनाच मजकूर. मग कॅशे (पान लवकर देण्यासाठी साठवलेली तयार प्रत) सांभाळणाऱ्या प्लगिनचं ‘सगळी कॅशे रिकामी करा’ दाबायचं, दोन-चारदा रीफ्रेश करायचं. कधी जमतं, कधी नाही. जमलं तरी पुढच्या बदलाच्या वेळी पुन्हा तोच खेळ.

हे वारंवार होण्याचं कारण असं की जुनी प्रत एकाच जागी नसते. डेटाबेसपासून वाचकाच्या पडद्यापर्यंत पान येताना वाटेत बरेच थर लागतात: रेडिस किंवा मेमकॅश्डची ऑब्जेक्ट कॅशे (डेटाबेसमधून आणलेली माहिती), पीएचपीची ऑपकॅशे (कोडची तयार प्रत), पेज बिल्डरने (पान मांडायच्या साधनाने) आणि मिनिफाय करणाऱ्या, म्हणजे फाइली आटवणाऱ्या, प्लगिनने बनवून ठेवलेल्या सीएसएस (रंग-मांडणीच्या) फाइली, प्लगिनची पेज कॅशे (आख्खं तयार पान), होस्टिंगवाल्याने सर्व्हरवर लावलेली एनजिनएक्स, व्हार्निश किंवा लाइटस्पीडची कॅशे, सीडीएन (वाचकाजवळच्या सर्व्हरवरून प्रत देणारं जाळं) आणि शेवटी ब्राउझर. प्लगिनच्या बटणाला यातले एक-दोन थर ठाऊक असतात. बाकीचे आहेत याचा त्याला पत्ताच नसतो. म्हणून बटण दाबण्याआधी जुनी प्रत कोणत्या थरात आहे ते पाहायचं. याला पाच मिनिटं लागतात.

आधी तपास, मग सफाई

पहिली चाचणी लॉगिन न करता, खाजगी विंडोमध्ये. लॉगिन केलेल्या माणसाकडे वर्डप्रेसची लॉगिन कुकी असते आणि ती दिसली की बहुतेक पेज कॅशे बाजूला होऊन ताजं पान देतात. म्हणून संपादकाला नवं दिसतं, वाचकाला जुनं, आणि ‘माझ्याकडे तर बरोबर दिसतंय’ हा वाद सुरू होतो. उलट प्रकारही होतो: खाजगी विंडोत नवं दिसतं आणि नेहमीच्या विंडोत जुनं. तसं असेल तर सर्व्हर निर्दोष आहे, प्रत तुमच्या ब्राउझरमध्ये आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकत्र दाबा. तेवढ्याने गेलं नाही तर साइटवर सर्व्हिस वर्कर (ब्राउझरमध्ये राहून साठवलेल्या प्रती देणारी छोटी स्क्रिप्ट) नोंदलेला आहे का ते पाहा. मोबाइल अ‍ॅपसारखी साइट करून देणारे प्लगिन तो बसवतात आणि प्लगिन काढलं तरी वाचकाच्या ब्राउझरमध्ये तो तसाच राहू शकतो. डेव्हलपर टूल्समधल्या अ‍ॅप्लिकेशन टॅबमध्ये सर्व्हिस वर्कर्सखाली त्याची नोंद दिसते, तिथूनच अनरजिस्टर करता येते.

दुसरी चाचणी पत्त्याच्या शेवटी शेपूट जोडून. प्रश्नचिन्ह टाका आणि पुढे काहीही निरर्थक लिहा, जसं ‘?चाचणी=७३१’. या पत्त्याची प्रत आधी कुणीच साठवलेली नसते, त्यामुळे बहुतेक थरांना पान नव्याने मागवावं लागतं. जाहिरातींच्या दुव्यांना लागणारी नावं मात्र इथे वापरू नका. यूटीएमने सुरू होणारी नावं बरीच प्लगिन मुद्दाम दुर्लक्षित करतात आणि तुम्हाला जुनीच प्रत हातात देतात. शेपूट लावल्यावर नवं आणि शेपटाशिवाय जुनं दिसलं, तर दोष पेज कॅशे, सर्व्हर कॅशे किंवा सीडीएनचा. दोन्हीकडे जुनंच दिसलं, तर दोष आत आहे: ऑब्जेक्ट कॅशे, बिल्डरच्या फाइली, किंवा मुळात कॅशेचा संबंधच नाही. त्या शेवटच्या शक्यतेबद्दल पुढे लिहिलं आहे, कारण लोक तिच्यावरच सगळ्यात जास्त वेळ घालवतात.

तिसरी चाचणी हेडरची (पानासोबत सर्व्हर पाठवतो त्या माहितीच्या ओळींची), आणि खरी माहिती इथे मिळते. एफ-१२ दाबून नेटवर्क टॅब उघडा, पान पुन्हा लोड करा, यादीतल्या सगळ्यात वरच्या ओळीवर क्लिक करा आणि रिस्पॉन्स हेडर वाचा. यावेळी ‘डिसेबल कॅशे’ची खूण काढलेली असू द्या. ती असली की ब्राउझर प्रत्येक वेळी ताजंच पान मागतो आणि जे तपासायचं तेच लपतं.

त्यात ‘एज’ (Age, वय) नावाचा हेडर असेल तर त्यातला आकडा सेकंदांत असतो. समजा एज ५४०० आहे, म्हणजे मधल्या थरातली प्रत दीड तास जुनी. तुम्ही बदल वीस मिनिटांपूर्वी केला असेल तर हिशेब सरळ आहे: बदलाच्या वेळी या थराला कुणी कळवलंच नाही. पाच मिनिटांनी पुन्हा पाहा. एज ५७०० झालं असेल तर तीच प्रत अजून वाटली जाते आहे. शून्याजवळ आलं आणि मजकूर तरीही जुना, तर या थराने नव्याने मागवलं खरं, पण त्याला आतून जुनंच मिळालं.

क्लाउडफ्लेअर हे सीडीएन असेल तर त्याचा कॅशे स्टेटस हेडर पाहा. क्लाउडफ्लेअर मूळ सेटिंगमध्ये एचटीएमएल साठवत नाही. चित्रं, सीएसएस, जावास्क्रिप्ट अशा फाइली साठवतं. त्यामुळे पानासाठी ‘डायनॅमिक’, म्हणजे साठवलेलं नाही, असं दिसणं अपेक्षितच. पानासाठीच ‘हिट’, म्हणजे साठवलेली प्रत दिली, असं दिसलं तर कुणीतरी सगळं साठवण्याचा नियम लावला आहे, किंवा एखाद्या प्लगिनने तो परस्पर लावला आहे. लाइटस्पीडचा स्वतःचा हेडर असतो, त्यातही हिट-मिस सरळ लिहिलेलं असतं.

काही कॅशे प्लगिन पानाच्या सोर्समध्ये अगदी तळाशी एक टिप्पणी सोडतात: कोणी, कधी प्रत बनवली. तेही वाचा. फक्त ती वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असू शकते, तुमच्या घड्याळाशी तुलना करताना तेवढं लक्षात घ्या.

रिकामं करायचं ते आतून बाहेर

क्रम महत्त्वाचा आहे आणि तो बहुधा उलटाच केला जातो. आधी सीडीएन रिकामं केलं की पुढच्याच सेकंदाला कुणीतरी वाचक येतो, सीडीएन सर्व्हरकडे पान मागतं, सर्व्हरची पेज कॅशे आपली जुनी प्रत देते आणि सीडीएन ती ‘ताजी’ म्हणून पुढचे काही तास सांभाळतं. मग तुम्ही पेज कॅशे रिकामी करता, ती सुधारते, पण वाचकाला जुनंच दिसत राहतं. वर्दळीच्या साइटवर हे हमखास होतं. कमी वर्दळीच्या साइटवर कधी होतं, कधी नाही, आणि म्हणूनच ते भुताटकीसारखं वाटतं.

योग्य क्रम: ऑब्जेक्ट कॅशे, मग बिल्डर आणि मिनिफायच्या फाइली, मग प्लगिनची पेज कॅशे, मग सर्व्हरची, मग सीडीएन, शेवटी आपला ब्राउझर. पीएचपी फाइल बदलली असेल तर सगळ्याच्या आधी ऑपकॅशे. नुसता मजकूर बदलला असेल तर ऑपकॅशेच्या नादी लागू नका, ती फक्त कोड साठवते. मूळ सेटिंगमध्ये ती दर २ सेकंदांनी फाइल बदलली का ते तपासते. पण वेगासाठी काही सर्व्हरवर ही तपासणी बंद केलेली असते आणि तिथे पीएचपी रीलोड करेपर्यंत जुनाच कोड चालतो.

ऑब्जेक्ट कॅशेसाठी कमांड लाइन असेल तर वर्डप्रेसच्या सीएलआयमधली कॅशे फ्लश (कॅशे रिकामी करण्याची) ही आज्ञा पुरते. चालत्या दुकानाच्या साइटवर ती ऐन गर्दीत देऊ नका. सगळ्या क्वेरी एकदम डेटाबेसवर जाऊन पडतात आणि साइट काही काळ रखडते.

सीडीएनवर शक्यतो एकेका पत्त्याची प्रत काढा, पण मग सगळे पत्ते काढा. बदललेल्या लेखाचं शीर्षक मुखपृष्ठावर, वर्गवारीच्या पानावर, टॅगच्या पानावर आणि आरएसएस फीडमध्येही असतं. लेखाची प्रत गेली आणि मुखपृष्ठाची राहिली की जुन्या शीर्षकावर क्लिक करून नवा लेख उघडतो. शिवाय शेवटी तिरकी रेघ असलेला आणि नसलेला पत्ता काही सीडीएनना वेगवेगळा वाटतो.

मिनिफाय केलेल्या फाइलींचा एक वेगळा घोटाळा आहे. प्लगिन सगळं सीएसएस एकत्र करून लांबलचक नावाची एक फाइल बनवतं. तुम्ही ती पुसली, नवी वेगळ्या नावाने तयार झाली, पण सीडीएनवरच्या जुन्या एचटीएमएलमध्ये अजून जुनंच नाव आहे. वाचकाला ती फाइल मिळत नाही, ४०४ येतो आणि पान उघडंबोडकं दिसतं: डावीकडे ओळीने दुवे, वर भलामोठा लोगो. असं दिसलं की डिझाइन बिघडलं समजून थीमला हात लावू नका. बाहेरच्या थरांतलं एचटीएमएल रिकामं करा, पान पूर्ववत होतं.

पुन्हा पुन्हा का होतं

सगळ्यात जास्त आढळणारं कारण म्हणजे एकाच कामाला दोन जण. पेज कॅशेचं एक प्लगिन आधीपासून होतं, दुसरं कुणीतरी चांगलं म्हणून बसवलं. वर्डप्रेसमध्ये पेज कॅशेसाठी डब्ल्यूपी-कॉन्टेंट फोल्डरमध्ये एकच ठरावीक नावाची फाइल असते, अ‍ॅडव्हान्स्ड-कॅशे. दोन्ही प्लगिन तिच्यावर हक्क सांगतात आणि एक जण दुसऱ्याची फाइल पुसतो. नको असलेलं प्लगिन नुसतं निष्क्रिय करून थांबू नका. ही फाइल आणि तिच्या शेजारची ऑब्जेक्ट-कॅशे फाइल कुणाची आहे ते उघडून पाहा, पहिल्या काही ओळींतच नाव असतं. मालक निघून गेलेला असेल तर फाइल काढून टाका.

दुसरा जण कित्येकदा होस्टिंगवाला असतो. त्याच्या पॅनेलमध्ये ‘वेग वाढवा’ अशा गोड नावाखाली सर्व्हरची कॅशे चालू असते. तुमचं प्लगिन आपली कॅशे इमानदारीने रिकामी करतं, पण त्याच्या पुढ्यातल्या कॅशेला कळवत नाही. अशा ठिकाणी एकतर होस्टिंगचं स्वतःचं पर्ज (कॅशे रिकामी करणारं) प्लगिन वापरा आणि आपलं काढा, किंवा सर्व्हरची कॅशे बंद करा. दोन्ही ठेवून निभावणं शक्य आहे, पण त्यात शहाणपण नाही.

बदल कुठून केला यावरही अवलंबून असतं. पोस्ट सेव्ह झाली की वर्डप्रेस एक हाक देतं आणि ती ऐकून प्लगिन त्या पानाची प्रत काढतं. थेट डेटाबेसमध्ये हात घालून शब्द बदलला, तर ही हाक जात नाही. किंमतपत्रक रोज रात्री बाहेरच्या स्क्रिप्टने थेट टेबलांत भरलं जात असेल, तर रोज सकाळी जुने दर दिसणं स्वाभाविक आहे. स्क्रिप्टच्या शेवटी कॅशे रिकामी करण्याची आज्ञा जोडा, विषय मिटतो.

रेडिस वापरणाऱ्यांसाठी: चाचणीची साइट आणि खरी साइट एकाच रेडिसवर असतील आणि दोघींना वेगळा प्रीफिक्स (नोंदींच्या नावांआधी लागणारी खूण) नसेल, तर एकीचं सेटिंग दुसरीत उमटतं. बहुतेक वेळा असं होतं की खऱ्या साइटची प्रत काढून चाचणीची साइट केली जाते आणि कॉन्फिग फाइलमधला प्रीफिक्सही जसाच्या तसा जातो. तो बदला, मग फ्लश करा.

आता ब्राउझरचं. एचटीअ‍ॅक्सेस फाइलमध्ये इंटरनेटवरून उचललेला सेटिंगचा एक तुकडा खूप साइटींवर सापडतो, त्यात सगळ्या प्रकारच्या फाइलींना सरसकट महिनाभराची मुदत दिलेली असते. चित्रांना ती ठीक. एचटीएमएललाही तीच लागली तर वाचकाचा ब्राउझर त्या पानासाठी महिनाभर सर्व्हरला विचारत नाही. सीडीएन तुम्ही रिकामं करू शकता, वाचकाचा ब्राउझर नाही. तो बाण सुटलेला असतो. पानाच्या कॅशे-कंट्रोल हेडरमध्ये मॅक्स-एजपुढे २५९२००० दिसलं तर हेच झालं आहे: तीस दिवसांचे सेकंद. मुदत लगेच शून्यावर आणा. ज्यांच्याकडे जुनी प्रत गेली ते स्वतः रीफ्रेश करेपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत ती पाहत राहतील.

सीएसएस आणि जावास्क्रिप्टला मात्र वर्षभराची मुदत, म्हणजे ३१५३६०००, देणंच योग्य, पण एका अटीवर: फाइल बदलली की तिच्या पत्त्यातला आवृत्ती क्रमांकही बदलला पाहिजे. चाइल्ड थीममध्ये (मूळ थीमवर बेतलेल्या आपल्या थीममध्ये) हा क्रमांक हाताने लिहिलेला असतो आणि तो वाढवायचा राहतो. त्याऐवजी फाइल शेवटची कधी बदलली ती वेळच क्रमांक म्हणून द्या, पीएचपीचं फाइलएमटाइम फंक्शन तेच करतं. आणि वेग वाढवणाऱ्या प्लगिनमध्ये ‘स्थिर फाइलींच्या पत्त्यांतून क्वेरी स्ट्रिंग काढा’ असा पर्याय असेल तर तो बंद ठेवा. आवृत्ती क्रमांक तिथेच असतो, तो काढला की नवी फाइल आली हे ब्राउझरला कळायला मार्गच उरत नाही.

चित्रांची तऱ्हा निराळी. त्याच नावाचं नवं चित्र मीडिया लायब्ररीत चढवलं की वर्डप्रेस जुनं बदलत नाही, नव्याच्या नावापुढे -१ लावतं. पान जुन्याकडेच बोट दाखवत राहतं. एफटीपीने जुन्यावर नवं टाकलं तर मूळ फाइल बदलते, पण वर्डप्रेसने बनवलेल्या लहान आकाराच्या प्रती, म्हणजे १५० बाय १५०, ३०० रुंदीची, ७६८ची, १०२४ची, तशाच जुन्या राहतात आणि मोबाइल नेमकी त्यातलीच एखादी उचलतो. म्हणून संगणकावर नवा फोटो आणि फोनवर जुना. सीएलआयमधली मीडिया रीजनरेट ही आज्ञा चालवा, मग त्या सगळ्या पत्त्यांची सीडीएन प्रत काढा. सोपा मार्ग हवा असेल तर नवं चित्र वेगळ्या नावाने चढवा आणि पानात तेच निवडा. सरळ आणि बिनधोक.

कॅशेच्या उलट्या बाजू

प्रत फार काळ ठेवली तर जुना मजकूर दिसण्यापलीकडेही काही गोष्टी मोडतात आणि त्यांचा कॅशेशी संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. काही फॉर्म प्लगिन पानात नॉन्स म्हणजे एक सुरक्षा खूण टाकतात. वर्डप्रेसमध्ये तिचं आयुष्य कमाल २४ तास, पण ते १२-१२ तासांच्या दोन टप्प्यांत मोजलं जातं, त्यामुळे टप्प्याच्या शेवटी बनलेली खूण १२ तासांहून थोडीच जास्त जगते. पेज कॅशे दोन दिवसांची असेल तर ती खूण केव्हाच मेलेली असते आणि फॉर्म नाकारला जातो. सकाळी फॉर्म चालतो, रात्री चालत नाही, कॅशे रिकामी केली की पुन्हा चालतो, अशी तक्रार आली तर हेच समजा. पेज कॅशेची मुदत १० तासांवर ठेवा.

ठरलेल्या वेळी प्रसिद्ध व्हायचे लेख चुकणं हेही त्यातलंच. वर्डप्रेसची क्रॉन (ठरल्या वेळी कामं करणारी) यंत्रणा स्वतःहून जागी होत नाही. कुणी पान उघडलं आणि पीएचपी चाललं तरच ती घड्याळ पाहते. सगळी पानं सीडीएन किंवा सर्व्हर कॅशेतूनच जात असतील तर पीएचपी चालतच नाही आणि सकाळी ६ चा लेख ९ वाजता कुणी अ‍ॅडमिनमध्ये शिरल्यावर प्रसिद्ध होतो. कॉन्फिग फाइलमध्ये वर्डप्रेसची स्वतःची क्रॉन बंद करा आणि सर्व्हरच्या क्रॉनमधून दर ५ मिनिटांनी डब्ल्यूपी-क्रॉन फाइलला हाक द्या. पहिलं करून दुसरं विसरलात तर काहीच प्रसिद्ध होणार नाही, तेव्हा दोन्ही एकाच बैठकीत उरका.

आणि कार्ट, चेकआउट, खात्याचं पान यांना कोणत्याही थरात साठवू नका. सीडीएनवर सगळं साठवण्याचा नियम लावून लॉगिन कुकीचा अपवाद ठेवला नाही, तर एका ग्राहकाचं खात्याचं पान दुसऱ्याला दिसू शकतं. जुना मजकूर दिसणं परवडलं, हे नाही. असा नियम सापडला तर बाकीचा तपास थांबवून आधी तो बंद करा.

कॅशेचा दोषच नसतो तेव्हा

शेपूट लावूनही जुनं, ऑब्जेक्ट कॅशे फ्लश करूनही जुनं. इथे थांबा, आणखी बटणं दाबू नका.

ब्लॉक थीम असेल आणि तुम्ही थीमच्या फोल्डरमधली टेम्प्लेट फाइल बदलत असाल, तर साइट एडिटरमध्ये ते टेम्प्लेट कुणी कधी सेव्ह केलं होतं का ते पाहा. एकदा तिथून सेव्ह झालं की त्याची प्रत डेटाबेसमध्ये जाते आणि तीच वापरली जाते. फाइल कितीही बदला, ढिम्म हलत नाही. टेम्प्लेटच्या यादीत जाऊन त्याचे सानुकूल बदल काढून टाकले की फाइल पुन्हा लागू होते. त्याआधी डेटाबेसमधला मजकूर कुठेतरी उतरवून ठेवा, तो पुसला जातो.

एलिमेंटरसारखा बिल्डर असेल आणि फक्त रंग किंवा अंतर जुनं असेल, तर अपलोड्स फोल्डरमध्ये त्याने प्रत्येक पानासाठी बनवलेली सीएसएस फाइल जुनी आहे. बिल्डरच्या टूल्स विभागात या फाइली नव्याने बनवायचं बटण असतं. त्या फोल्डरला लिहिण्याची परवानगी नसेल तर बटण दाबूनही काही होत नाही.

पत्ताही नीट वाचा. एकाच नावाची दोन पानं बनली की दुसऱ्याच्या स्लगपुढे (पत्त्यातल्या नावापुढे) -२ लागतं. मेनू पहिल्याकडे नेतो, तुम्ही संपादन दुसऱ्याचं करता. शोधायला क्षण पुरतो: संपादनाच्या खिडकीतूनच पान उघडा आणि पत्ता ताडून पाहा. होस्टिंग नुकतंच बदललं असेल तर जुना सर्व्हर अजून जिवंत असू शकतो. डीएनएसची (साइटच्या नावावरून सर्व्हर शोधून देणाऱ्या नोंदीची) मुदत ८६४०० सेकंद असेल तर दिवसभर काही वाचक तिकडेच जातात. पुढच्या वेळी स्थलांतराच्या एक-दोन दिवस आधी ती ३०० वर आणा.

वर्डप्रेस सोडून बाकी ठिकाणीही तपासाची रीत हीच, फक्त बटणं वेगळी. द्रुपलमध्ये कॉन्फिगरेशनखाली परफॉर्मन्सच्या पानावर सगळी कॅशे रिकामी करता येते, किंवा ड्रश या कमांड लाइनच्या साधनातून सीआर ही आज्ञा द्यायची. जूमलामध्ये सिस्टम विभागातून कॅशे रिकामी होते आणि पेज कॅशेचं सिस्टम प्लगिन चालू आहे का तेही पाहावं लागतं.

इतकं करूनही एजचा आकडा वाढतच असेल आणि तो थर तुमच्या हातात नसेल, तर होस्टिंगच्या मदत कक्षाला लिहा. ‘साइट अपडेट होत नाही’ एवढंच लिहिलंत तर ‘ब्राउझरची कॅशे रिकामी करा’ असं ठरलेलं उत्तर येईल. त्याऐवजी पानाचा पूर्ण पत्ता, बदल केल्याची वेळ टाइमझोनसकट, पाच मिनिटांच्या अंतराने घेतलेले दोन वेळचे हेडर, आणि शेपूट लावून व न लावता काय दिसलं ते द्या. शेवटी थेट विचारा: पीएचपीच्या पुढे कोणती कॅशे लावली आहे, आणि ती रिकामी करायची आज्ञा साइटमधून कशी द्यायची.